हॅम्लेट: सूड, वेड आणि मनातली झुंज – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ अभ्यासाला असलेले विद्यार्थी, तालमीला बसलेले हौशी नट आणि प्रयोग बघून अस्वस्थ झालेले प्रेक्षक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो मजकूरच तसा आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘निर्णय घेता न येणाऱ्या दुबळ्या राजपुत्राची कथा’ हे या नाटकाचं वर्णन मला मुळीच पटत नाही. का पटत नाही, ते पुढे येईलच.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

डेन्मार्कचा राजा अचानक मेला आहे. दोन महिनेही झाले नाहीत, तोच त्याचा भाऊ क्लॉडिअस गादीवर बसला आहे आणि विधवा राणी गर्ट्रूडशी त्याने लग्नही केलं आहे. विटेनबर्गला शिकणारा राजपुत्र हॅम्लेट घरी आला आहे. एल्सिनोरच्या राजकिल्ल्याच्या तटावर त्याला बापाचं भूत भेटतं आणि सांगतं, की मला साप चावला नाही, बागेत झोपलो असताना माझ्या भावाने कानात विष ओतलं. सूड घे. हॅम्लेट वेडाचं सोंग घेतो आणि नटांकडून तशाच खुनाचा प्रवेश करवून राजाची परीक्षा पाहतो. मग आईच्या महालात पडद्याआड लपलेल्या पोलोनिअसला, म्हणजे राजाच्या मंत्र्याला, राजा समजून तो मारतो. पोलोनिअसची मुलगी ऑफेलिया वेडी होऊन बुडून मरते, मुलगा लेअर्टिस सूडासाठी परततो. शेवटी तलवारीच्या खेळात विषारी पातं आणि विषारी प्याला यांनी राणी, लेअर्टिस, राजा आणि हॅम्लेट असे चौघेही जातात.

ही कथा शेक्सपिअरची स्वतःची आहे का?

नाही. डॅनिश इतिहासकार सॅक्सो ग्रामॅटिकस याने इ.स. 1200च्या सुमाराला लॅटिनमध्ये लिहिलेल्या इतिहासात अॅम्लेथ नावाच्या राजपुत्राची हकिकत आहे. बेलफोरे या फ्रेंच लेखकाने ती 1570मध्ये पुन्हा सांगितली. शेक्सपिअरच्या आधी लंडनमध्ये याच कथेवर एक नाटकही होत असे. त्याची संहिता हरवली आहे, पण ‘हॅम्लेट, सूड घे!’ असं ओरडणाऱ्या त्यातल्या भुताचा उल्लेख 1596च्या एका पुस्तकात सापडतो.

शेक्सपिअरने बदललं काय, ते बघण्यासारखं आहे. सॅक्सोच्या कथेत काका भावाला उघडपणे मारतो. खून कुणी केला हे सगळ्यांना ठाऊक असतं. अॅम्लेथ वेडा बनतो तो जीव वाचवण्यासाठी, नाहीतर काका त्यालाही संपवेल. तिथे भूत नाही, पुराव्याचा प्रश्न नाही, शंकाही नाही. शेक्सपिअरच्या नाटकात खून गुप्त आहे आणि तो माहीत असलेला एकमेव साक्षीदार म्हणून, त्या हरवलेल्या नाटकातही असलेलं, भूत उभं आहे. या एका बदलानं सूडकथेचं रूपांतर ‘खरं काय ते कसं कळणार’ या प्रश्नात झालं. हॅम्लेटच्या मनातली सगळी झुंज तिथूनच सुरू होते.

भूत खरं आहे की हॅम्लेटचा भास?

पहिल्या अंकात पहारेकरी आणि हॅम्लेटचा मित्र होरेशिओ ते पाहतात, म्हणजे निव्वळ भास नाही. पण ते ‘आहे’ म्हणून ते ‘बापाचंच आहे’ असं ठरत नाही. भूत म्हणतं, मी पापं जळून जाईपर्यंत यातना भोगतो आहे. ही कॅथलिक कल्पना आहे. प्रॉटेस्टंट झालेल्या इंग्लंडमध्ये ती अधिकृतपणे नाकारलेली होती, आणि हॅम्लेट शिकतो ते विटेनबर्ग तर मार्टिन ल्यूथरचं गाव. त्या काळच्या प्रेक्षकाला सहज वाटलं असतं की हा सैतानही असू शकतो, दुःखी माणसाला गाठून पाप करायला लावणारा. हॅम्लेट स्वतः दुसऱ्या अंकाच्या शेवटी नेमकं हेच बोलून दाखवतो. पुरावा मिळेपर्यंत थांबणं ही त्याची पळवाट नाही.

तिसऱ्या अंकात मात्र आईच्या महालात भूत पुन्हा येतं, तेव्हा ते फक्त हॅम्लेटला दिसतं. गर्ट्रूडला समोर रिकामी हवा दिसते. शेक्सपिअरने हे मुद्दाम उघडं ठेवलं आहे, आणि दिग्दर्शकाने इथे घाईने उत्तर देऊन टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

मग हॅम्लेट इतका वेळ का लावतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा तपशिलात जातो.

आधी वेळ मोजू. नाटकाच्या सुरुवातीला राजाला मरून जेमतेम दोन महिने झाले आहेत. नटांच्या प्रयोगाच्या रात्री ऑफेलिया म्हणते, चार महिने झाले. म्हणजे भूत भेटल्यापासून परीक्षेपर्यंत सुमारे दोन महिने जातात. त्या दोन महिन्यांत हॅम्लेटपाशी भुताच्या शब्दापलीकडे काहीही नाही.

आता प्रयोगाची ती एक रात्र घ्या. विष ओतण्याचा प्रसंग पाहून क्लॉडिअस उठतो, दिवे मागतो, निघून जातो. हॅम्लेटची खात्री पटते. काही वेळातच त्याला राजा एकटा, गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतो. इथे तो मारत नाही (त्याबद्दल पुढच्या प्रश्नात). पुढच्याच प्रवेशात आईच्या महालात पडद्यामागून आवाज येतो, आणि क्षणाचाही विचार न करता तो पडद्यातून तलवार खुपसतो. राजाच असावा असं त्याला वाटतं. त्यानंतर लगेच त्याला पहाऱ्यात इंग्लंडच्या जहाजाकडे पाठवलं जातं.

हिशेब मांडला तर असं दिसतं, की खात्री झाल्यावर त्याच रात्री हॅम्लेटने हात उचलला. तो चुकीच्या माणसावर पडला. आणि पुढचा सगळा नाश, म्हणजे ऑफेलियाचं वेड, लेअर्टिसचा सूड, शेवटचं विष, त्या एका अविचारी घावातून निघतो. ज्याला आपण ‘विलंब’ म्हणून नावं ठेवतो, त्या दोन महिन्यांत कुणीही मेलेलं नाही. जिथे हॅम्लेट विचार करायचं थांबतो, तिथून माणसं मरायला लागतात.

मग ‘विलंब’ ही कल्पना आली कुठून? खुद्द हॅम्लेटकडून. तोच स्वतःला भित्रा, निर्लज्ज, नुसता बोलघेवडा म्हणतो. एका नटाला ट्रॉयच्या राणीच्या, हेक्युबाच्या दुःखाचं भाषण म्हणताना खरोखरचं रडू येतं, आणि माझ्या बापाचा खून होऊन मी कोरडा कसा, असं तो स्वतःला विचारतो. समीक्षकांनी पुढे या आत्मनिंदेलाच निदान मानलं. कोलरिजला त्यात विचारांच्या ओझ्याखाली गोठलेली कृती दिसली, जर्मन कवी गटेला त्याच्या मनाला न पेलणारं कर्तव्य दिसलं, आणि ए. सी. ब्रॅडलीने 1904मध्ये त्याचं मूळ खोल विषण्णतेत शोधलं. यांतलं ब्रॅडलीचं म्हणणं मला सर्वांत जवळचं वाटतं, कारण हॅम्लेट भूत भेटण्याआधीच मोडलेला आहे. पहिल्याच स्वगतात त्याला हे शरीर विरघळून जावं असं वाटतं, आणि तेव्हा त्याला खुनाचा पत्ताही नाही. बापाचं जाणं आणि आईची घाई एवढंच कारण त्याला पुरलेलं असतं.

प्रार्थना करणाऱ्या क्लॉडिअसला तो का सोडतो?

हॅम्लेटने दिलेलं कारण भयंकर आहे. प्रार्थनेत असताना मारलं तर हा स्वर्गात जाईल. माझा बाप पापं न धुता मेला, तर हाही दारूच्या नशेत किंवा एखाद्या पापाच्या भरात मेला पाहिजे. काहींच्या मते ही टाळाटाळ आहे. मला ती टाळाटाळ वाटत नाही. मला इथे सूडाचं खरं तोंड दिसतं. माणूस मारून सूडाचं पोट भरत नाही, त्याला मेल्यानंतरचाही नाश हवा असतो. इतका संवेदनशील माणूस या पायरीपर्यंत पोचला, हे बघून घाबरायला हवं.

शिवाय इथली रचना विलक्षण आहे. हॅम्लेट येण्याआधी क्लॉडिअसचं स्वगत आहे, आणि त्यात तो खून कबूल करतो. पण ज्यासाठी खून केला तो मुकुट, ती सत्ता आणि ती राणी हातात ठेवून क्षमा मागता येते का, हा त्याला छळणारा प्रश्न आहे. मनातली झुंज फक्त नायकाच्या वाट्याला आलेली नाही. हॅम्लेट निघून गेल्यावर क्लॉडिअस उठतो आणि म्हणतो, शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. म्हणजे ती प्रार्थना झालीच नव्हती! हॅम्लेटच्याच तर्काने बघितलं तरी त्याने वार करायला हरकत नव्हती. हे फक्त प्रेक्षकाला कळतं. नटाने हे शेवटचं वाक्य सावकाश, प्रत्येक शब्द पोचेल असं म्हटलं पाहिजे.

हॅम्लेट खरंच वेडा होतो का?

तो वेडाचं सोंग घेणार आहे, असं मित्रांना आधीच बजावतो. पुढे रोझेनक्रान्त्झ आणि गिल्डनस्टर्न या जुन्या मित्रांना म्हणतो, की वारा एका विशिष्ट दिशेने वाहतो तेव्हाच मी वेडा असतो. पोलोनिअसलाही त्याच्या बडबडीत एक पद्धत जाणवते.

मूळ संहितेत याची एक सुंदर खूण आहे. पोलोनिअस किंवा दरबारी मित्र समोर असले, की हॅम्लेट बहुतेक गद्यात बोलतो, तुटक, खवचट, शब्दांशी खेळत. ते बाहेर पडले आणि तो एकटा राहिला, की लगेच पद्याची लय परत येते. ऑफेलियाबरोबरच्या प्रवेशात तर एकाच संवादात बोलणं पद्यातून गद्यात घसरतं, आणि ते नेमकं कोणत्या ओळीवर घसरतं हे तालमीत शोधून काढण्यासारखं आहे. सोंग चढवण्याची आणि उतरवण्याची ही जागा लेखकाने नटाच्या हातात दिली आहे. याचा अर्थ बहुतांश वेळ ताबा त्याच्याकडे आहे.

बहुतांश म्हणालो, सगळा वेळ नाही. पोलोनिअसचं प्रेत बाजूला पडलेलं असताना तो आईला ज्या भाषेत झोडपत राहतो, किंवा ऑफेलियाच्या कबरीत लेअर्टिसच्या अंगावर धावतो, तिथे सोंग कुठे संपलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. अखेरीस लेअर्टिसची माफी मागताना तो सगळा दोष आपल्या वेडावर टाकतो. ते प्रामाणिक आहे की सोयीचं, यावर दोन चांगले नट दोन वेगळी उत्तरं देतील आणि दोन्ही संहितेत बसतील.

ऑफेलिया वेडी का होते? प्रेमभंगामुळे?

प्रेमभंग हे अर्धंमुर्धं उत्तर झालं, आणि त्याने तिच्यावर अन्याय होतो.

क्रम लक्षात घ्या. आधी भाऊ सांगतो, राजपुत्रावर विश्वास ठेवू नकोस. मग बाप सांगतो, त्याला भेटू नकोस, आणि ती ऐकते. पुढे तोच बाप आणि राजा तिला हॅम्लेटसमोर उभी करून आडून ऐकत बसतात. हॅम्लेट तिला वाट्टेल ते बोलतो. तो गेल्यावर ती एकटी त्याच्या मोडलेल्या बुद्धीबद्दल रडते, पण बाप किंवा राजा तिची चौकशी करत नाहीत, ते राजकारण बोलत राहतात. मग ज्याच्यावर तिचं प्रेम होतं त्याच्याच हातून बाप मरतो. भाऊ फ्रान्समध्ये आहे. आणि बापाचा दफनविधी चोरून, घाईघाईत उरकला जातो. क्लॉडिअस स्वतःच ही चूक झाल्याचं कबूल करतो.

या नाटकात कुणालाही नीट शोक करू दिला जात नाही. हॅम्लेटला पहिल्याच दरबारात सांगितलं जातं, की पुरे आता काळे कपडे, बाप सगळ्यांचेच मरतात. पोलोनिअसला ना मान मिळतो, ना विधी. ऑफेलियाच्या स्वतःच्या दफनाच्या वेळीही धर्मगुरू विधी आखडते घेतो आणि लेअर्टिस ‘आणखी काही नाही?’ असं दोनदा विचारतो. हॅम्लेट निदान स्वगतांत बोलून घेतो. ऑफेलियाला ती सोय नाही. शहाणी असेपर्यंत तिला कुणी बोलू देत नाही, वेड लागल्यावरच दरबार तिचं ऐकतो.

चौथ्या अंकातला तिचा प्रवेश एकदा शांतपणे वाचा. ती मेलेल्या म्हाताऱ्याचं गाणं म्हणते आणि फसवलेल्या मुलीचंही. दोन्ही दुःखं एकमेकांत मिसळली आहेत. मग फुलं वाटते. रोजमेरी आठवणीसाठी, पॅन्सी विचारांसाठी, बडीशेपेचा मोहोर, कोलम्बाइन, पश्चात्तापाचं प्रतीक असलेली रू, जी ती दुसऱ्याला देते आणि स्वतःकडेही ठेवते. व्हायोलेट द्यायचे होते, पण बाप गेला तेव्हा ते सगळे कोमेजले, म्हणते. कोणतं फूल कुणाला, हे संहितेत लिहिलेलं नाही. रू राणीच्या हातात गेली तर एक अर्थ, राजाच्या हातात गेली तर दुसरा. हॅम्लेटच्या खोट्या वेडाने राजाला जेवढं बोचलं नाही, तेवढं या खऱ्या वेडाने त्या खोलीतल्या प्रत्येकाला बोचतं.

तिने आत्महत्या केली की अपघात झाला?

राणीच्या वर्णनात फांदी मोडते आणि ती ओढ्यात पडते. कपडे फुगून काही काळ तिला तरंगत ठेवतात, ती जुनी गाणी गात राहते आणि भिजलेल्या कपड्यांच्या वजनाने खाली जाते. अपघातच. पण ती स्वतःला वाचवायची धडपड करत नाही. धर्मगुरू मृत्यू संशयास्पद म्हणतो. कबर खणणारे तर स्पष्टच बोलतात, की ही मोठ्या घरची नसती तर ख्रिस्ती दफन मिळालं नसतं. नाटक निकाल देत नाही.

गर्ट्रूडला खुनाची कल्पना होती का?

आज आपण वाचतो त्या संहितेत तिचा सहभाग कुठेच दिसत नाही. हॅम्लेट ‘राजाला मारणं’ हे शब्द उच्चारतो तेव्हा ती चकितच होते. 1603च्या पहिल्या, आखूड छापील आवृत्तीत मात्र ती स्पष्ट शब्दांत सांगते की मला हे माहीत नव्हतं, आणि मुलाला साथ द्यायचं वचन देते. पुढच्या आवृत्त्यांत ही स्पष्टता नाही. दिराशी लग्न हा मुद्दाही त्या काळी हलका नव्हता. चर्चच्या दृष्टीने ते अगम्यगमन, म्हणजे निषिद्ध नात्यातला संबंध, होतं, आणि इंग्लंडच्या राजाने, आठव्या हेन्रीने, आपलं पहिलं लग्न याच मुद्द्यावर रद्द करून घेतलं होतं.

‘टू बी ऑर नॉट टू बी’ हे स्वगत आत्महत्येबद्दल आहे ना?

आहे, पण एवढंच नाही. गंमत म्हणजे या स्वगतात बाप, काका, सूड, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. ‘मी’ हा शब्दसुद्धा नाही. हॅम्लेट सगळ्या माणसांच्या वतीने बोलतो: जुलूम, लांबलेला न्याय, अधिकाऱ्यांचा माज हे सगळं माणूस का सोसतो, तर मेल्यानंतर काय आहे याची भीती. ते घोषणेसारखं म्हटलं की मरतं. पहिल्या आवृत्तीत ते नाटकात जरा आधी येतं, त्यामुळे काही दिग्दर्शक त्याची जागा हलवतात.

लेअर्टिस आणि फोर्टिनब्रास कशासाठी आहेत?

हॅम्लेट, लेअर्टिस आणि नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास, या तिघांचेही बाप मारले गेले आहेत. लेअर्टिस चौकशी न करता तलवार उपसून महालात घुसतो, आणि हॅम्लेटचा गळा चर्चमध्येसुद्धा चिरायची तयारी दाखवतो. ज्यांना ‘हॅम्लेटने ताबडतोब सूड घ्यायला हवा होता’ असं वाटतं, त्यांनी लेअर्टिसकडे बघावं. ताबडतोब सूड घेणारा माणूस किती सहज क्लॉडिअसच्या हातातलं बाहुलं बनतो! मरताना त्याला ते कळतं आणि तो हॅम्लेटशी समेट करतो. फोर्टिनब्रास सूड सोडून देतो, आणि शेवटी डेन्मार्कची गादी त्यालाच मिळते.

हॅम्लेटचं वय किती?

तीस. कबर खणणारा म्हणतो, मी या कामाला लागलो त्या दिवशी राजपुत्र जन्मला, आणि आता तीस वर्षं झाली. सुरुवातीचा हॅम्लेट मात्र विद्यार्थीवयाचा वाटतो, म्हणून वाद चालू आहे.

ईडिपस गंडाचं स्पष्टीकरण मानायचं का?

ईडिपस गंड म्हणजे मुलाची आईबद्दलची सुप्त ओढ आणि बापाबद्दलची स्पर्धा. फ्रॉइडने 1900मध्ये सुचवलं आणि अर्नेस्ट जोन्सने ते विस्ताराने मांडलं: काकाने जे केलं तेच हॅम्लेटच्या मनात दडलेलं होतं, म्हणून त्याचा हात उठत नाही. महालाच्या प्रवेशातली आईच्या शय्येबद्दलची त्याची आग बघितली, की याला आधार आहे असं वाटतं. पण त्याने ऑफेलिया, धर्म आणि सत्ता हे सगळं बाजूला पडतं. परीक्षेत लिहा, पण एकच किल्ली म्हणून लिहू नका.

शेवटी सूड पूर्ण होतो का?

क्लॉडिअस मरतो, हो. पण तो मरतो तेव्हा आई विषाने कोसळलेली आहे आणि हॅम्लेटच्या अंगातही विष भिनलेलं आहे. बापाचं नाव त्या क्षणी हॅम्लेटच्या तोंडी येतच नाही. शिवाय इंग्लंडच्या वाटेवर त्याने रोझेनक्रान्त्झ आणि गिल्डनस्टर्न या दोघांना राजाचं पत्र बदलून मृत्यूकडे धाडलं, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. समुद्रावरून परतलेला हॅम्लेट शांत झालेला आहे, तयारी असणं महत्त्वाचं असं म्हणतो. या शांतपणाचं मला कौतुक वाटतं आणि भीतीही वाटते.

मराठीत हे नाटक कुठे भेटतं?

गोपाळ गणेश आगरकरांचं ‘विकारविलसित’ हे भाषांतर 1883चं. कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर 1882मध्ये ते डोंगरीच्या तुरुंगात होते, आणि तिथे असताना त्यांनी या भाषांतरावर काम केलं. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या प्रयोगात गणपतराव जोशी यांनी चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, गाजवला. पुढे नाना जोगांचं भाषांतर आलं, आणि 2018मध्ये चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली सुमीत राघवनने त्यातला हॅम्लेट उभा केला. शिरवाडकरांच्या 1970च्या ‘नटसम्राट’मधलं ‘जगावं की मरावं’ हे स्वगत याच नाटकाची आठवण घेऊन येतं.

पहिल्यांदा वाचायचं असेल तर कसं वाचू?

मराठी भाषांतर आधी सलग वाचा, अडलं तरी थांबू नका. मग इंग्रजी संहिता घ्या, टिपांसह असलेली. लक्षात ठेवा, की 1604–05ची आवृत्ती आणि 1623चा फोलिओ, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांचा एकत्रित संग्रह, यांत फरक आहेत. चौथ्या अंकातलं फोर्टिनब्रासच्या सैन्यानंतरचं स्वगत फोलिओत नाही, त्यामुळे ते तुमच्या पुस्तकात नसेल तर पान गहाळ झालं असं समजू नका. वेळ कमी असेल तर तिसरा अंक संपूर्ण आणि चौथ्यातला ऑफेलियाचा प्रवेश मोठ्याने वाचा. शक्य असेल तर दोघांतिघांनी मिळून वाचा, आणि हॅम्लेटची भूमिका दर प्रवेशाला बदलून घ्या.